दाखला देण्याआधी बकरा कुठे कापला जातो ते पाहा : गोव्यातल्या पंचायती-पालिकांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व पंच,
सर्व पालिकांचे नगराध्यक्ष व नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

मटणाच्या दुकानाचा अर्ज आला की आपल्याकडे ठरलेल्या गोष्टी तपासल्या जातात. जागेची कागदपत्रे, घरपट्टीची पावती, भिंतीला टाइल्स, दर्शनी काच, नळाची जोडणी. दाखला मिळतो आणि दुकान सुरू होते. त्या काचेमागे टांगलेला बकरा पहाटे कुठे कापला, कोणी सोलला, त्याचे काळीज (यकृत) आणि फुफ्फुस कोणी पाहिले, याचा रकाना अर्जात नसतो. बहुतेक गावांत या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : दुकानाच्या मागे, उघड्यावर, जमिनीवर. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि वर्षानुवर्षे तसेच चालू आहे. यावर आता गप्प बसणे आम्हाला शक्य नाही.

आम्ही म्हणजे काही पशुवैद्य, काही पिढीजात खाटीक आणि मांस टिकवण्याचे शास्त्र शिकलेली काही माणसे. हेच मांस आमच्या घरी शिजते आणि आमच्यातल्या काहींचा संसार याच धंद्यावर चालतो. हे पत्र मांसाहाराविरुद्ध नाही, खाटकांविरुद्ध तर मुळीच नाही. कापण्याची धार्मिक रीत कोणती असावी हाही आमचा विषय नाही. सुरी फिरल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल आम्ही बोलतो आहोत, कारण मांस बिघडण्याची सुरुवात बहुधा त्याच तासात होते.

निरोगी जनावराचे मांस आतून जवळजवळ जंतुविरहित असते. जंतू असतात ते कातड्यावर, खुरांवर आणि पोटा-आतड्यांत. सोलताना आणि पोट काढताना ते मांसावर येतात. एकदा आले की गोव्याच्या ३० अंशांच्या दमट हवेत त्यांची वाढ झपाट्याने होते. नंतर दुकान कितीही चकाचक असले तरी ते मांस पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. सोलण्याची जागा सोडून दुकानाची फरशी तपासण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

"आमच्या लहानशा गावात कत्तलखाना कुठून आणायचा?" हा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकवला जातो. त्याच्या उत्तरासाठी एक दूरचे उदाहरण देतो. युरोपात हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि ते मांस बाजारात विकले जाते. युरोपीय संघाचा २००४ चा ८५३ क्रमांकाचा नियम त्याला लागू आहे. हरीण पडल्यावर शक्य तितक्या लवकर त्याचे पोट आणि आतडी काढावी लागतात, गरज असेल तर रक्त काढावे लागते. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने सगळे अवयव पाहायचे असतात. मरण्याआधी जनावर विचित्र वागत होते का, हेही त्यात येते. काही वावगे नसेल तर तो क्रमांक घातलेले लेखी निवेदन त्या हरणाला जोडतो. संशय असेल तर प्रकरण पशुवैद्याकडे जाते. धडाचे तापमान आतपर्यंत ७ अंशांच्या खाली आणावे लागते आणि नेताना एकावर एक हरणे रचायला मनाई आहे. गोळी पोटात लागून आतडे फुटले असेल तर जाणता शिकारी हिरवट डाग लागलेला भाग कापून टाकतो, तो धूत बसत नाही.

आपल्याकडे मेरू (सांबर), चितळ, भेकर यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. तरीही हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण तिथे पोट काढण्याचे काम झाडाखाली होते. नळ नसतो, टेबल नसते, वीज नसते. धारदार सुऱ्या, दोरीचे तुकडे, हातमोजे आणि शिकलेला डोळा एवढ्यावर भागते. रानात जे जमते ते आपल्या पंचायतीच्या शेडमध्ये जमणार नाही, हे आम्ही मानायला तयार नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार जमिनीची. बकरा आडवा पाडून जमिनीवरच सोलला की कातड्याची घाण, सांडलेले रक्त आणि पायाखालची माती हे सगळे मांसाला लागते. मागच्या पायाच्या टाचेवरच्या जाड शिरेत आकडा अडकवून, मुंडी जमिनीपासून हातभर वर राहील असे जनावर टांगले तर रक्तही नीट निथळते. २५ किलोच्या बकऱ्यातून साधारण लिटरभर रक्त निघते. ते अंगातच राहिले तर मांस काळपट दिसते आणि लवकर वास मारते. याच्याही आधीची एक गोष्ट आहे. चोर्ला घाटातून टेम्पोत उभा राहून आलेला, तहानलेला, भेदरलेला बकरा उतरल्या उतरल्या कापला, तर स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते. अशा मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. ते गडद, चिकट होते आणि टिकत नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांत जनावराला आधी २४ तास विश्रांती द्यायला सांगितली आहे. तिचे कारण जनावराच्या हालांइतकेच मांसाच्या प्रतीतही आहे.

दुसरी तक्रार हात, सुरी आणि फडक्याची. ती जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. कातड्याला लहानसा छेद द्यायचा, सुरीचे टोक आत सरकवायचे, धार बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि आतून बाहेर कापत जायचे. बाहेरून आत दाबून कापले की प्रत्येक वेळी केस आणि शेणाचे कण सुरीबरोबर मांसात जातात. एका हाताने कातडे धरायचे आणि त्या हाताने मांसाला शिवायचे नाही. दुसऱ्या हातात सुरी. कातड्याची बाहेरची बाजू मांसावर उलटून पडू द्यायची नाही. सुऱ्या दोन हव्यात : एक हातात, दुसरी ८२ अंशांच्या पाण्यात. आधी कोमट पाण्याने रक्त धुवायचे आणि मग गरम पाण्यात बुडवायची. रक्ताने माखलेली सुरी थेट कढत पाण्यात घातली तर रक्त शिजून पात्याला चिकटते आणि त्याखाली जंतू सुरक्षित राहतात. प्रत्यक्षात पहाटे काय दिसते? एक सुरी, लालसर पाण्याची एक बादली आणि खांद्यावर एक फडके. त्याच फडक्याने पहिला बकरा पुसला जातो, त्यानेच शेवटचा. एका जनावराची घाण सगळ्यांना वाटून देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. फडके हद्दपार करा, एवढे एकच काम उद्या सकाळी झाले तरी फरक पडेल.

तिसरी तक्रार पोट काढण्याची, तीही याच जातीची. सोलल्यावर, पोट फाडण्यापूर्वी, गळ्याशी अन्ननलिका मोकळी करून दोरीने घट्ट बांधायची, म्हणजे ओझरीतला चारा उलटून मानेवर-छातीवर येत नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून ते टोक ओढून घ्यायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधायचे आणि मगच पोट उघडायचे. पोट फाडतानाही धार बाहेर, आणि सुरीमागे दोन बोटे, म्हणजे टोक आतड्यात घुसत नाही. मूत्राशय आणि पित्ताची पिशवी न फोडता काढायची. हे सगळे रक्त काढल्यापासून अर्ध्या तासात आटोपले पाहिजे. उशीर झाला की आतड्यांत वायू धरतो, पोट फुगते आणि सुरी लागताच फुटते. दोरीचे दोन तुकडे आणि एक पिशवी, इतकाच खर्च. ते बांधले जात नाही, मग हिरवे पाणी मांसावर सांडते आणि त्यावर बादलीभर पाणी ओतले जाते. पाण्याने रंग जातो. जंतू जात नाहीत, उलट ओल्या अंगावरून सगळीकडे पसरतात. डागाळलेला भाग सुरीने कापून फेकणे हाच उपाय आहे. त्यात पाव-अर्धा किलो मांस जाते हे खरे, आणि खाटकाला ते जिवावर येते हेही आम्ही समजू शकतो.

चौथी तक्रार आम्हाला सगळ्यांत गंभीर वाटते. मुंड्या एका कोपऱ्यात, पाय दुसरीकडे, काळीज-गुर्दे-फुफ्फुसे एका टपात. दहा बकऱ्यांचे सगळे एकत्र. या टपातल्या एखाद्या काळजावर पांढरट, पाण्याने भरलेले फोड दिसले, तर ते कोणत्या धडातले हे कोण सांगणार? जनावराचा आजार बहुतेक वेळा मांसात दिसत नाही, अवयवांत दिसतो. फुफ्फुस छातीला चिकटलेले असणे, काळजाच्या नळ्या जाड होऊन त्यात चपटे कृमी सापडणे, लसिकाग्रंथी सुजून त्यात चीज भरल्यासारखा पू असणे, यावरून जाणता माणूस ते धड बाजूला काढतो. म्हणून मुंडी आणि अवयव त्याच धडाखाली, तोच क्रमांक लावून, तपासणी होईपर्यंत ठेवायचे असतात. आपल्याकडे तपासणारा येतच नाही, मग क्रमांक तरी कोण लावणार!

फोडांचा उल्लेख वर आला तो हायडॅटिडच्या, म्हणजे एका फीतकृमीमुळे होणाऱ्या गाठींचा. असे काळीज खाल्ल्याने माणसाला ही लागण होत नाही. ती कुत्र्यांमार्फत होते. दुकानामागे फेकलेले फोडाचे काळीज-फुफ्फुस भटक्या कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, मुलांच्या हातावर येतात आणि माणसाच्या काळजात-फुफ्फुसात तशाच गाठी तयार होतात. दुकानामागे कुत्र्यांचा घोळका दिसतो तिथे हे चक्र आपण स्वतःच चालू ठेवतो आहोत.

डुकराच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. फेस्त, लग्न, पार्टी यांसाठी घरच्या अंगणात डुक्कर कापण्याची रीत गोव्यात जुनी आहे. मोकाट फिरणाऱ्या, माणसाची विष्ठा खाल्लेल्या डुकराच्या मांसात फीतकृमीचे पांढरे, तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे फोड असू शकतात. ते पाहायचे तर जीभ, हृदय, छाती-पोटामधला पडदा आणि जबड्याचा स्नायू यांना छेद देऊन उजेडात बघावे लागते. असे मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या पोटात फीतकृमी वाढतो. मग त्याच्या विष्ठेतली अंडी ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूत गाठ होऊन झटके येऊ शकतात. व्हिनेगर-मिरचीच्या भरवशावर राहू नये. मांस आतपर्यंत ७१ अंश शिजले पाहिजे. सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थासाठी रक्त धरायचे असेल तर ते स्वच्छ भांड्यात, गळ्याचे कातडे आधी धुऊन, आणि ताबडतोब थंड करून. केस काढण्याचे पाणी ६० ते ६२ अंश असावे, पाच-सहा मिनिटे पुरतात. पाणी जास्त तापले तर केस कातडीतच घट्ट बसतात आणि मग खरवडताना कातडी फाटते.

थंड करण्याबद्दल थोडक्यात. कापल्यावर बकऱ्याचे अंग ३९ अंशांच्या आसपास असते. ते गरम असतानाच चार-चार धडे डीप फ्रीझरमध्ये कोंबली तर बाहेरून कडक होतात, आत उष्णता तशीच राहते आणि तिथेच वास धरतो. शिवाय स्नायू ताठरण्याआधीच एकदम गार केलेले मटण चिवट होते. धडे एकमेकांना न चिकटता, वारा फिरेल अशी, जाळीच्या खोलीत टांगायची आणि मग चिलरमध्ये न्यायची. चिलर नसेल तर पहाटे कापलेले मांस चार तासांत विकून संपले पाहिजे, आणि तेवढीच जनावरे कापली पाहिजेत. रविवारी दुपारी दीड वाजता आकड्यावर उरलेले मटण संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला देणे आमच्या मते गैर आहे.

कचऱ्याचा हिशेबही मांडायला हवा. एका बकऱ्याच्या ओझरीत तीन-चार किलो चारा-पाणी असते. दहा बकरे म्हणजे तीस-चाळीस किलो, वर दहा लिटर रक्त, कातडी आणि खूर वेगळे. हे गटारात, ओहळात किंवा रस्त्याच्या कडेला जाते. आपली जमीन जांभ्या दगडाची, पाणी झिरपायला वेळ लागत नाही आणि शेजारी विहिरी आहेत. सत्तरीसारख्या रानाजवळच्या भागात आणखी एक काळजी आहे. मेलेले अंग थंड होऊ लागले की कातड्यावरचे गोचीड उतरून चालू लागतात. माकडताप गोचिडांमार्फत पसरतो आणि सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. रान चरून आलेल्या जनावरांची कातडी दुकानामागे रचून ठेवणे तिथे तरी ताबडतोब थांबले पाहिजे.

आणि रानातल्या चोरट्या मांसाबद्दल. मेरू-रानडुकराचे मांस काही ठिकाणी गुपचूप घरोघरी पोचते, हे आपल्यापैकी अनेकांच्या कानावर असते. तारेच्या फासात अडकलेले जनावर तासन्‌तास झटापट करून मरते. रक्त निघालेले नसते, पोट रात्रभर आतच फुगत राहते. ते का मेले, आजारी होते का, हे सांगणारा कोणी नसतो. हे मांस तपासायला कोणी आणू शकत नाही, कारण ते बाळगणेच गुन्हा आहे. ते स्वच्छ कसे करावे याचा सल्ला आम्ही देणार नाही. ते घेऊ नका, आणि आपल्या प्रभागात ते येत असेल तर वनखात्याला कळवा.

कायदा अपुरा आहे असे आमचे म्हणणे नाही. कत्तलखान्यांचे नियमन हे पालिकांचे काम आहे, असे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टातच लिहिले आहे. पालिका हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापू नये, हे २००१ च्या नियमांत आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार दिवसाला १० पर्यंत लहान जनावरे कापणाऱ्याला नुसती नोंदणी पुरते. नोंदणी म्हणजे स्वच्छतेतून सूट असा अर्थ मात्र कोणीतरी लावला आणि तोच रूढ झाला.

आमच्या मागण्या अशा :

मटण किंवा डुकराच्या मांसाच्या दुकानाला दाखला देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना, जनावर कुठे कापले जाणार त्या जागेचा पत्ता अर्जात सक्तीचा करा आणि ती जागा पहाटे, काम चालू असताना, जाऊन पाहा. दुपारी धुतलेली जागा पाहून काही कळत नाही.

शेजारच्या चार-पाच पंचायतींनी मिळून एक लहान शेड उभारावी. दिवसाला दहा-पंधरा बकऱ्यांपुरती. मीटरला दोन सेंटिमीटर उतार असलेली सिमेंटची फरशी, टांगायला लोखंडी कांब आणि आकडे, पिण्यायोग्य पाण्याची टाकी, ८२ अंश पाणी देणारा बॉयलर, माश्यांची जाळी, आतडी साफ करायला भिंतीपलीकडे वेगळी जागा, रक्तासाठी वेगळी टाकी आणि रंग खरा दिसेल असा पांढरा उजेड. डुकरांची शेड आणि वेळ वेगळी ठेवा. फेस्ताच्या हंगामात घरगुती कापणीसाठीही ती खुली असावी.

त्या शेडमध्ये ठरलेल्या वेळी पशुवैद्य मिळावा, यासाठी पशुसंवर्धन खात्याकडे पंचायतीने ठराव करून मागणी करावी. नियमानुसार एका पशुवैद्याने तासाला १२ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. गावाची दहा जनावरे त्यात तासाभरात बसतात. कापण्याआधी एकदा आणि अवयव काढल्यावर एकदा, अशा दोन्ही तपासण्या व्हाव्यात आणि त्यानंतरच शिक्का बसावा.

खाटकांना मराठी-कोंकणीत प्रशिक्षण द्या, फुकट, आणि सकाळचा धंदा बुडणार नाही अशा वेळी. निरोगी अवयव कसे दिसतात, कोणते लक्षण दिसले की हात थांबवायचा, अचानक मेलेले आणि नाका-गुदद्वारातून काळे न गोठलेले रक्त येणारे जनावर का उघडायचे नाही, एवढे तरी प्रत्येकाला यायला हवे. शेवटचे लक्षण काळपुळीच्या (अँथ्रॅक्स) रोगाचे असू शकते आणि त्यात सुरी धरणाऱ्याचाच जीव आधी धोक्यात येतो.

टाकाऊ अवयव बंद डब्यांतून रोज उचला. कुत्र्यांपर्यंत ते पोचता कामा नयेत.

आणि हे होईपर्यंत दुकाने बंद करू नका. धाड घालून टाळे लावले तर कापणे थांबणार नाही, आणखी आडोशाला जाईल. शेड तयार होईपर्यंतच्या काळात टांगण्यासाठी कांब, दोन सुऱ्या, गरम पाणी, दोरी, आणि फडक्याला बंदी, एवढ्या अटी घाला आणि त्या पाळल्या जातात का ते पाहा.

येत्या ग्रामसभेच्या आणि पालिका बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. शेडचा आराखडा, सामानाची यादी आणि प्रशिक्षणाचे मुद्दे आम्ही लिहून देऊ. बोलावलेत तर पहाटे पाच वाजता येऊन प्रत्यक्ष करून दाखवू.

आपले,
गोव्यातले काही पशुवैद्य, खाटीक आणि मांसतंत्रज्ञ